आकाशाची खोली कशी मोजली?

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे बाणाचे तीन आणि आग्नेयेच्या अंगाला झगझगणारा व्याध. यातला तांबूस तारा काक्षी, निळसर पांढरा तारा राजन्य. पाहणाऱ्याला हे सगळे शेजारी-शेजारी वाटतात. प्रत्यक्षात व्याध आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे 860 प्रकाशवर्षांवर, म्हणजे शंभर पट लांब. काक्षी या दोघांच्या अधेमधे कुठेतरी. डोळ्यांना याचा काही पत्ता लागत नाही. आकाशात दिशा कळते, तेज कळतं, थोडाफार रंगही कळतो. अंतर मात्र कळत नाही.

खगोलशास्त्राचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही खोली मोजण्याचा इतिहास आहे. तारा म्हणजे नेमकं काय, दीर्घिका म्हणजे काय, विश्व केवढं आणि त्याचं वय किती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं अंतराचा आकडा हाती आल्यावरच मिळाली. आणि जेव्हा जेव्हा तो आकडा चुकला, तेव्हा तेव्हा पुढचं सगळं गणितही चुकलं.

आधी एकक पाहू. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे. त्याचा प्रकाश इथे पोचायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. हाच प्रकाश वर्षभरात 9.46 लाख कोटी किलोमीटर जातो. ते एक प्रकाशवर्ष. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षांवर आहे. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चाललं आहे. तेवढं अंतर कापायला त्याला 70 हजारांहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे ताऱ्यापर्यंत जाऊन मोजणं शक्य नाही. जे काही मोजायचं ते इथे बसून, आलेल्या उजेडावरूनच मोजायचं.

पहिली पायरी : हललेला तारा

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणला तर जास्त सरकतो, लांब नेला तर कमी. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि अंगठा किती सरकला तो कोन, एवढं माहीत असेल तर अंगठ्याचं अंतर गणिताने काढता येतं. याला पॅरॅलॅक्स किंवा पराशय म्हणतात.

ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांमधलं अंतर अर्थातच पुरत नाही. तिथे पृथ्वीची कक्षा उपयोगी पडते. जानेवारीत एकदा तारा पाहायचा आणि जुलैत पुन्हा. तोवर आपण 30 कोटी किलोमीटर पलीकडे गेलेलो असतो. कोपर्निकसने 1543 साली पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडलं, तेव्हा विरोधकांचा एक आक्षेप अगदी शास्त्रशुद्ध होता : पृथ्वी फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात थोडे हलायला हवेत, ते का हलत नाहीत? टायको ब्राहेसारख्या अव्वल निरीक्षकालाही ती हालचाल सापडली नाही. पृथ्वी स्थिर आहे असं त्याने मानलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

तारे हलत होते, पण फार थोडे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेल याने 1838 साली हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या अंधुक ताऱ्याचा पराशय मोजला. तो एका अंशाच्या अकरा हजाराव्या भागाहूनही कमी भरला. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, यावरून या मापाची कल्पना यावी. बेसेलने अंतर काढलं सुमारे 10 प्रकाशवर्षं. आजचा आकडा 11.4 आहे. कोपर्निकसनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पहिल्यांदा एका ताऱ्याचं अंतर खात्रीने सांगता आलं.

ही पद्धत आजही सगळ्यात भरवशाची आहे, कारण तीत गृहीत धरावी लागते ती फक्त भूमिती. युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीने 2013 पासून जवळजवळ अकरा वर्षं काम करून दीडशे कोटींच्या घरात ताऱ्यांचे पराशय मोजले.

तारा म्हणजे काय?

अंतर कळलं की ताऱ्याचं खरं तेज कळतं. प्रकाश अंतराच्या वर्गाने फिका पडतो. दुप्पट लांब गेलेला तारा चौपट मंद दिसतो. त्यामुळे दिसणारं तेज आणि अंतर यांवरून मूळ तेजाचा हिशेब मांडता येतो. व्याध रात्रीच्या आकाशातला सगळ्यात ठळक तारा खरा, पण तो सूर्याच्या साधारण पंचवीस पटच तेजस्वी आहे. शंभर पट लांब असूनही डोळ्यांत भरणारा राजन्य मात्र सूर्याच्या कितीतरी हजार पट तेजस्वी आहे.

ताऱ्यात काय भरलेलं आहे, हा वेगळा प्रश्न होता. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉन्त याने 1835 साली लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. त्या आधीच, 1814 साली, फ्राउनहोफरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेघा नोंदवल्या होत्या. 1859 साली किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची ठेवण ठरलेली असते. कॉन्तचं विधान पाव शतकही टिकलं नाही.

या रेघांच्या इतिहासात महाराष्ट्राचं नाव नेहमी घेतलं जातं, पण जरा चुकीच्या पद्धतीने. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे सर्रास सांगतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला होता हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. ज्याच्या नावाने विजयदुर्गाची ही गोष्ट सांगतात तो नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ नोंदवली आणि ती अनोळखी मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, असल्याचं सांगितलं. लॉकयर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर, 1895 साली, रॅमसेने पृथ्वीवरच हेलियम शोधून काढला होता. विजयदुर्गाचा मान खरा आहे, फक्त तो 1898 च्या ग्रहणाचा आहे.

रेघा दिसणं वेगळं आणि त्यांचा अर्थ लावणं वेगळं. ताऱ्याचं तापमान बदललं की त्याच मूलद्रव्याच्या रेघा ठळक किंवा पुसट होतात. हे गणित मेघनाद साहा यांनी 1920 साली मांडलं. त्याचा आधार घेऊन सिसिलिया पेन या तरुणीने 1925 च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि हेलियमचे बनलेले असतात. सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा आहे असं तेव्हा मानलं जाई. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या बड्या शास्त्रज्ञाने तिचा निष्कर्ष अशक्य ठरवला, आणि तिला प्रबंधात तसं लिहावंही लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोचला.

म्हणजे तारा हा हायड्रोजन-हेलियमचा तापलेला गोळा. स्वतःच्या वजनाने तो आत दबत असतो आणि आतली उष्णता त्याला बाहेर रेटत असते. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तिथे दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो, आणि त्यातलं चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतं. सूर्य 460 कोटी वर्षं असा जळतो आहे आणि आणखी सुमारे 500 कोटी वर्षं जळेल. मग तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि शेवटी पृथ्वीएवढा श्वेत बटू उरेल. मोठ्या ताऱ्यांकडे इंधन जास्त असतं, पण त्यांचा खर्च त्याहून जास्त असतो. ते काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच संपतात आणि त्यांचा शेवट बहुधा स्फोटाने होतो.

लेव्हिटबाईंची पायरी

जमिनीवरच्या दुर्बिणींतून पराशयाची मजल काहीशे प्रकाशवर्षांपलीकडे जात नव्हती. त्यापुढची पायरी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत, दुर्बिणीला हात न लावता, टेबलाशी बसून बांधली गेली. तिथे काचेच्या छायापट्टिका तपासून ताऱ्यांची तेजं नोंदवायला बायका नेमल्या होत्या. हेन्रिएटा लेव्हिट त्यांतली एक. तिला ऐकू कमी येई; पगार तासाला तीस सेंट. पेरूतल्या आरेकिपा इथून आलेल्या पट्टिकांवर ती मॅजेलनच्या मेघांतले रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे, शोधत असे.

1912 साली तिने छोट्या मॅजेलन मेघातल्या अशा 25 ताऱ्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. जो तारा जास्त तेजस्वी, त्याला एक आवर्तन पुरं करायला जास्त दिवस लागतात. हे तारे सेफिड जातीचे होते. वृषपर्वा तारकासमूहातल्या एका ताऱ्यावरून हे नाव पडलं आहे. यातली खुबी अशी, की एकाच मेघातले असल्यामुळे ते सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होते. म्हणून त्यांच्या दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक होता. आता कुठल्याही सेफिडचे दिवस मोजले की त्याचं खरं तेज मिळणार, आणि खऱ्या आणि दिसणाऱ्या तेजावरून अंतर. त्यासाठी आधी जवळच्या काही सेफिडचं अंतर वेगळ्या मार्गाने कळायला हवं, एवढीच अट. पुढची पायरी मागच्या पायरीवर उभी राहते ती अशी.

लेव्हिट 1921 साली वारली. 1925 साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवण्याचा विचार केला, तेव्हा ती हयात नाही हे त्याला कळलं.

देवयानीतला एक तारा

त्या काळी मोठा वाद होता. देवयानी तारकासमूहात काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी एक फिकट पुंजका दिसतो. असे भोवऱ्यासारखे तेजोमेघ दुर्बिणीतून बरेच सापडले होते. ते आपल्याच आकाशगंगेतले ढग, की आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या वेगळ्या वसाहती? एप्रिल 1920 मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांचा यावर जाहीर सामना झाला. शॅप्लीच्या मते आकाशगंगा हेच सगळं विश्व होतं. निकाल लागला नाही, कारण अंतर कुणाकडेच नव्हतं.

ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीची एक पट्टिका घेतली. तीवर तीन नवे ठिपके दिसले. हबलने तिन्हींशेजारी नवतारा म्हणून 'एन' अक्षर लिहिलं. जुन्या पट्टिका ताडून पाहताना लक्षात आलं की त्यांतला एक ठिपका पूर्वीही होता, कधी ठळक, कधी फिका. हबलने तो 'एन' खोडला आणि खाली उद्गारचिन्हासह 'व्हार!' लिहिलं, म्हणजे रूपविकारी. तो सेफिड निघाला, आवर्तन सुमारे 31 दिवसांचं. लेव्हिटच्या नियमाने अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षांच्या वर. शॅप्लीची आकाशगंगा फार तर तीन लाख प्रकाशवर्षं रुंद होती. प्रश्न मिटला. 1 जानेवारी 1925 रोजी हा शोध अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला आणि विश्व एका दीर्घिकेचं राहिलं नाही.

आज आपण जाणतो की आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं असून तीत दहा ते चाळीस हजार कोटी तारे आहेत. सूर्य तिच्या केंद्रापासून 26 हजार प्रकाशवर्षांवर, एका बाजूला आहे. सूर्य मध्यभागी नाही, हे शॅप्लीनेच आधी दाखवलं होतं. त्या बाबतीत तो बरोबर होता. केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे आणि तिथे सूर्याच्या चाळीस लाख पटींहून जास्त वस्तुमानाचं कृष्णविवर आहे.

वय जमेना

दीर्घिकांची अंतरं मिळताच दुसरी गोष्ट उघड झाली. व्हेस्टो स्लायफरने 1912 पासून दीर्घिकांचे वर्णपट घेतले होते आणि बहुतेकांच्या रेघा तांबड्या बाजूला सरकलेल्या होत्या, म्हणजे त्या लांब जात होत्या. 1927 साली बेल्जियमच्या लमेत्र याने गणिताने आणि 1929 साली हबलने निरीक्षणांवरून दाखवलं की दीर्घिका जितकी लांब, तितकी ती वेगाने दूर जाते. दीर्घिका कुठल्या मध्यबिंदूपासून पळत नाहीत. त्यांच्यामधलं अवकाशच ताणलं जातं. त्यामुळे कुठल्याही दीर्घिकेतून पाहिलं तरी असंच दिसेल. जिथे दीर्घिका एकमेकींच्या फार जवळ आहेत तिथे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं. देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येते आहे.

प्रसरणाचा वेग माहीत असेल तर उलटा हिशेब करून सुरुवात कधी झाली हे काढता येतं. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या आतबाहेर आलं. पण खडकांतल्या युरेनियमवरून पृथ्वीचंच वय त्याहून जास्त निघत होतं! या अडचणीतून वाट काढायला 1948 साली बॉन्डी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिरस्थिती विश्वाची कल्पना मांडली : विश्वाला आरंभच नाही, ते पसरतं तसं नवं द्रव्य निर्माण होत जातं. पुढे केंब्रिजमध्ये हॉइल यांच्याबरोबर काम करून ही बाजू लढवली ती कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे नारळीकर, विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला या सिद्धांतावर अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले.

वयाच्या कोड्यातली एक मोठी चूक मात्र अंतराच्या शिडीतच होती. दुसऱ्या महायुद्धात माउंट विल्सनजवळच्या लॉस एंजेलिसचे दिवे मालवलेले असत. बाकीचे शास्त्रज्ञ युद्धकार्याला गेले होते. जर्मन नागरिक असल्यामुळे वॉल्टर बाडे माउंट विल्सनवरच राहिला. त्या काळोखाचा फायदा घेऊन त्याने देवयानीतले तारे वेगवेगळे टिपले, आणि पुढे त्यावरून दाखवलं की सेफिड दोन प्रकारचे असतात आणि दोघांचं मोजमाप एकच धरलं गेलं होतं. 1952 साली त्याने हे जाहीर केलं तेव्हा दीर्घिकांची अंतरं दुपटीने वाढली आणि विश्वाचं वयही. देवयानीचं अंतर आज 25 लाख प्रकाशवर्षं मानतात.

1965 साली पेन्झिअस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारी सूक्ष्मलहरींची मंद खरखर सापडली. विश्व 3.8 लाख वर्षांचं असताना सुटलेला हा प्रकाश आता उणे 270 अंशांपर्यंत थंडावला आहे. या पुराव्याने पारडं महास्फोटाकडे झुकलं. विश्वाचं वय आज 1380 कोटी वर्षं धरतात. आपल्याला दिसू शकणारं विश्व मात्र सर्व बाजूंना 4600 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पसरलं आहे, कारण प्रकाश वाटेत असताना मधलं अवकाश ताणत राहिलं.

स्फोटांची पायरी

सेफिडच्या पलीकडची पायरी मरणाऱ्या ताऱ्यांची. 1930 साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी हिशेब केला की श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे. सुधारलेल्या गणिताने ती सूर्याच्या 1.4 पट येते. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेत एखादा श्वेत बटू या मर्यादेजवळ आला तर त्याचा सुपरनोव्हा, म्हणजे प्रचंड स्फोट, होतो. मर्यादा ठरलेली असल्याने असे स्फोट बऱ्यापैकी सारख्या तेजाचे असतात, आणि उरलेला फरक ते किती भरभर मावळतात त्यावरून काढता येतो. शेकडो कोटी प्रकाशवर्षांवरूनही ते दिसतात.

1998 साली दोन स्वतंत्र गटांनी असे लांबचे सुपरनोव्हा मोजले. ते अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे जास्त लांब निघाले. विश्वाचं प्रसरण मंदावण्याऐवजी वाढतं आहे असा त्याचा अर्थ झाला. 2011 चं नोबेल या कामाला मिळालं. हे जिच्यामुळे होतं तिला कृष्णऊर्जा म्हणतात. आजच्या हिशेबाने विश्वाचा सुमारे 68 टक्के वाटा तिचा, 27 टक्के न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा, आणि तारे, ग्रह, माणसं या सगळ्यांचा मिळून जेमतेम 5 टक्के.

या शोधात आपल्या मातीतूनही भर पडते आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला केंद्र असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तिने टिपलेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश 2023 साली जाहीर झाला. तो 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, आणि वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे तीस पट ठळक झाला म्हणूनच सापडला.

शिडी अजूनही पुरती घट्ट झालेली नाही. सेफिड आणि सुपरनोव्हा यांवरून मोजलं तर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे प्रसरणाचा वेग सेकंदाला 73 किलोमीटरच्या आसपास येतो; विश्वारंभाच्या उरलेल्या प्रकाशावरून काढला तर 67 ते 68. फरक लहान दिसतो, पण दोन्ही बाजूंची मापं आता इतकी बारीक आहेत की तो चुकून आला असं म्हणून सोडून देता येत नाही. एखाद्या पायरीत चूक आहे की विश्वाबद्दलच्या समजुतीत, यावर काम चालू आहे.

म्हणून वाचकांना सुचवायचं ते एवढंच : अवकाशाबद्दलचा कुठलाही अवाढव्य आकडा वाचला की थक्क होऊन थांबू नका, तो कसा मोजला ते विचारा. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, खोडदची वेधशाळा लोकांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा आणि हा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना विचारायला लावा.